सकाळच्या पहिल्या सेल्फला खडखड

प्रश्न : नमस्कार काका, आमचं गाव जांबोटीच्या पुढं, तालुका खानापूर. २०१४ ची पेट्रोल गाडी आहे, १ लाख १० हजार किलोमीटर झालीय, आजवर कधी त्रास दिला नाही. पण हल्ली सकाळी पहिला सेल्फ मारला की बॉनेटखालून डब्यात खडे घालून हलवल्यासारखं खडखड वाजतंय, तीन-चार सेकंद, मग गप्प. दिवसभर बेळगावात फिरलो तरी परत आवाज नाही, चार दिवस दारात थांबली की मात्र जास्त वेळ वाजतीय. गणपतीच्या आधी सर्व्हिसिंग केलंय, ऑइल-फिल्टर सगळं नवीन, त्यानंतरच हे सुरू झालं. मेकॅनिक म्हणायलाय हाफ इंजिन (इंजिन खोलून आतले झिजलेले भाग बदलणं) करावं लागेल, चाळीस हजार धरा. घरातले म्हणायलेत विकून टाक. काय करू?

उत्तर : थांबा की ओ, एवढ्यात इंजिन खोलू नका. पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय, ती म्हणजे सर्व्हिसिंग. एक लाख किलोमीटर गप्प चाललेलं इंजिन नवीन फिल्टर बसल्यावर वाजायला लागलं तर आधी त्या फिल्टरकडंच बघायचं, बेअरिंगकडं नंतर.

होतं काय, गाडी बंद केली की वरचं ऑइल हळूहळू खाली चेंबरात, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. फिल्टरच्या आत एक रबराची चकती असते, तिचं काम एवढंच की फिल्टरमधलं ऑइल रात्रभर मागं जाऊ द्यायचं नाही. स्वस्तातल्या फिल्टरात हे रबर कडक असतं नाहीतर नीट बसतच नाही, मग सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो आणि मगच वर ऑइल पोचतं, तोवर टायमिंग चेन (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर ढिला राहतो (बऱ्याच गाड्यांत तो ऑइलच्या प्रेशरवरच चालतो) आणि चेन आतल्या गाइडवर, म्हणजे ती जिच्यावरून सरकते त्या पट्टीवर, आपटत राहते. तुमचे खडे ते हेच. चार दिवस थांबल्यावर जास्त वाजतंय म्हणता तेही यातच बसतं, जेवढी जास्त थांबली तेवढं जास्त ऑइल उतरलं. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसवलेला असेल तर हा त्रास जास्त, तोंड वर असेल तर ऑइल आपलं आपणच टिकतं.

खात्री करायची असेल तर घरीच करा. रात्री गाडी सुरू ठेवून फ्यूल पंपाचा फ्यूज काढा, गाडी आपोआप बंद पडेल. सकाळी फ्यूज न घालताच चार-पाच सेकंद सेल्फ मारा, जरा थांबून परत एकदा. इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही, पण ऑइल वर चढतं. मग फ्यूज घाला आणि चालू करा. खडखड आलीच नाही तर चाळीस हजार वाचले म्हणायचे, दोष ऑइल वर पोचायला उशीर होण्याचाच आहे.

मग कंपनीचा फिल्टर घ्या, त्याला काही फार पैसे पडत नाहीत. जुना काढला की तोंडात बोट घालून ते रबर दाबून बघा, मऊ आहे का प्लास्टिकसारखं झालंय. बिलावर ऑइलचा ग्रेडही बघा. गाडी जुनी झाली म्हणून जाड २०डब्ल्यू-५० ओतायची आपल्याकडं सवयच आहे, पण पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच घाला, डब्ल्यूच्या आधीचा आकडा जेवढा लहान तेवढं ऑइल थंडीत लवकर पळतं. आणि जांबोटीकडच्या सकाळी कशा असतात ते मी तुम्हाला काय सांगणार! ऑइलची काडी सपाट जागेवर बघायची बरं का, तिकडं निम्म्या घरांचं अंगण उताराचं, काडी खोटं बोलते.

फिल्टर आणि ऑइल बदलूनही आवाज राहिला तर टेन्शनर आणि चेन तपासायची. चेन ताणली असेल तर चेन, टेन्शनर, गाइड असा पूर्ण किट बदला, एकटा टेन्शनर बदलून भागत नाही. त्याला खर्च आहे, पण तरी ते हाफ इंजिन नव्हे.

घाबरायचं कधी ते पण सांगतो. आवाज खडखड नसून खोल ठक-ठक असेल, इंजिन गरम झाल्यावर वाढत असेल, अ‍ॅक्सिलेटर दाबला की जोरात येत असेल, किंवा गाडी सुरू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझत नसेल, तर गाडी तिथंच बंद करा आणि टो करून न्या, बेळगावपर्यंत हळूहळू नेतो म्हणू नका. तो रॉडच्या (पिस्टनला जोडलेल्या दांड्याच्या) बेअरिंगचा आवाज असतो, तिथं तुमचा मेकॅनिक बरोबर ठरेल. पण तो आवाज चार सेकंदांत गप्प होत नसतो.

प्रश्न : काका, मी निपाणीचा. माझी पेट्रोल गाडी सकाळी एकदम शांत, पण चोर्ला घाटात चढाला चौथ्या गिअरमध्ये दाबली की टिंगटिंग आवाज. लोक म्हणतात इथेनॉलच्या पेट्रोलनं होतंय.

उत्तर : इथेनॉलनं ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची आपोआप न पेटण्याची ताकद, वाढतो, त्यामुळं हा आवाज उलट कमी व्हायला पाहिजे. तुमचं पेट्रोल आत वेळेआधी पेटतंय, वरच्या आवाजाशी याचा काही संबंध नाही. पहिलं म्हणजे चढाला तिसरा टाका, चौथ्यात रेटू नका. तरी आलाच तर एक-दोन टाक्या दुसऱ्या पंपावर भरून बघा, नंतर प्लग, कूलंट आणि सिलेंडरमधला कार्बन बघून घ्या.