वाचकांचे प्रश्न : कंसातला मजकूर

प्रश्न : लहान बेटराष्ट्रांतल्या अधिकाऱ्यांना हवामान वाटाघाटींचं प्रशिक्षण देतात म्हणे. त्यात शिकवतात काय?

उत्तर : विज्ञान कमी, मसुदा वाचणं जास्त! 1990 साली स्थापन झालेल्या ‘एओसिस’ या लहान बेटराष्ट्रांच्या 39 सदस्यांच्या गटाच्या फेलोशिपमध्ये अधिकारी न्यूयॉर्कमध्ये आपल्या देशाच्या संयुक्त राष्ट्रांतल्या कार्यालयात काम करत शिकतात. मसुद्यातला चौकोनी कंस म्हणजे तिथे अजून एकमत नाही. आधी तेवढंच वाचायचं आणि आपलं पर्यायी वाक्य लेखी द्यायचं. तोंडी सूचना हवेत विरते. खरी अडचण मनुष्यबळाची. प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या तुवालूची माणसं मोजकी, बैठका मात्र एकाच वेळी अनेक. म्हणून गटातले देश विषय वाटून घेतात : कुणी अर्थसाहाय्य, कुणी अनुकूलन (बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं), आणि त्या विषयावर तोच सगळ्या गटातर्फे बोलतो. मध्यरात्री कंस उडवताना खोलीत आपलं कुणी नसेल, तर वाक्य गेलंच म्हणून समजा.