अमेरिकन पाककलातज्ज्ञ ज्युलिया चाइल्डचे टीव्हीवरचे लक्षात राहिलेले प्रसंग कोणते?

माझ्या मते पहिला नंबर बटाट्याच्या धिरड्याचाच. १९६३ साली बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच वाहिनीवर त्यांचा 'द फ्रेंच शेफ' हा स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या एका भागात बाईंनी तव्यावरचं बटाट्याचं धिरडं हवेत उलटवायला झटका दिला आणि अर्धं शेगडीवर सांडलं. त्यांनी ते शांतपणे गोळा करून पुन्हा तव्यात थापलं. वर म्हणाल्या, स्वयंपाकघरात एकट्याच असाल तर बघतंय कोण! (आपल्याकडे हे कोणी कॅमेऱ्यासमोर कबूल करेल?) पुढे लोकांनी या प्रसंगाची कोंबडी केली. ज्युलियाबाईंनी अख्खी कोंबडी जमिनीवर पाडली, ही चक्क दंतकथा आहे.

दुसरा प्रसंग अमेरिकन सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमनच्या गप्पांच्या कार्यक्रमातला. करायचा होता हॅम्बर्गर, पण तो काही शिजेना. मग बाईंनी कच्च्या खिम्यावर चीज घातलं आणि गॅसच्या ब्लोटॉर्चने (ज्योत फेकणाऱ्या हत्याराने) ते वितळवलं. लेटरमनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि सुरुवात कशी झाली म्हणाल, तर १९६२ मध्ये पुस्तकांवरच्या एका कार्यक्रमात त्यांनी ऑम्लेट करून दाखवलं. प्रेक्षकांची पत्रं आली, आणि त्यातून 'द फ्रेंच शेफ' उभा राहिला.