वाचकांचे प्रश्न : गोळीची वेळ आणि सरावाची वेळ

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 68) पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी ते दिवसातून चार वेळा घेतात. फिजिओथेरपिस्ट त्यांना खुर्चीतून उठण्याची आणि वळण्याची नवी पद्धत शिकवत आहेत. सकाळी ती जमते, पण संध्याकाळी गोळीची वेळ जवळ आली की त्यांचे पाय जागीच खिळतात. एका नातेवाइकांच्या मते गोळी न घेता सराव केला तरच शरीर ‘खरे’ शिकते. यात तथ्य आहे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : सरावासाठी गोळी चुकवू नये. लेव्होडोपा अचानक बंद केल्यास तीव्र ताठरपणा, ताप आणि भ्रम होऊन जिवावर बेतू शकते.

तरीही नातेवाइकांची शंका अगदीच निराधार नाही. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार होते. या आजारात मेंदूच्या सर्व भागांतील डोपामिन सारखे कमी होत नाही. हालचालींशी निगडित भागात ते आधी आणि जास्त घटते, तर शिकण्याशी संबंधित काही भागांत सुरुवातीला बऱ्यापैकी टिकून असते, त्यामुळे पहिल्या भागाला पुरेशी ठरणारी मात्रा दुसऱ्याला जास्त होऊ शकते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषध घेतलेले रुग्ण बरोबर उत्तरांवरून आणि औषध न घेतलेले रुग्ण चुकांवरून अधिक चांगले शिकले. मात्र ते काम पडद्यावरील अनोळखी जपानी अक्षरांतून एक निवडण्याचे होते. त्यावरून खुर्चीतून उठण्याबद्दल निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. प्रत्यक्ष हालचाली शिकण्यावरील अभ्यासांत काही ठिकाणी औषधाचा फायदा दिसला, काही ठिकाणी फरकच दिसला नाही. उंदरांवरील प्रयोग तर उलट दिशा दाखवतात : डोपामिनची क्रिया रोखलेली असताना केलेला सराव चुकीचा मुरतो आणि डोपामिन पूर्ववत झाल्यावरही काही काळ आड येतो.

म्हणून मुख्य सराव गोळीचा अंमल चांगला असताना, म्हणजे रुग्ण ज्याला ‘ऑन’ म्हणतात त्या वेळी, साधारणतः गोळीनंतर पाऊण ते एक तासाने ठेवावा. उठताना आधी खुर्चीच्या कडेवर सरकून बसावे, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्याव्यात आणि नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतके वाकून मगच उठावे. वळताना एका पायावर गर्रकन न फिरता चार-पाच पावले मोजत मोठा वळसा घ्यावा. नेहमी अडखळण्याच्या जागी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावल्यास पाऊल उचलायला मदत होते. त्या वेळी त्यांच्याशी गप्पा मारू नयेत आणि हातात चहाचा कपही देऊ नये. कोणता प्रयत्न बरोबर झाला ते लगेच सांगावे. नुसत्या चुका मोजू नयेत.

आता संध्याकाळविषयी. ‘ऑन’ असताना शिकलेले ‘ऑफ’मध्ये, म्हणजे गोळीचा अंमल ओसरल्यावर, आपोआप आठवेलच असे नाही. त्यामुळे फिजिओथेरपिस्टांना विचारून, कुणीतरी शेजारी उभे असताना, तोच वळसा त्या वेळीही थोडा वेळ गिरवावा. गोळी मात्र ठरल्या वेळीच द्यावी. शिवाय सकाळी जमलेली गोष्ट संध्याकाळी न जमणे म्हणजे ती विसरली असे नव्हे. कार्बिडोपासोबत घेतलेल्या लेव्होडोपाचे रक्तातील प्रमाण सुमारे दीड तासात निम्मे होते आणि आजार जुना झाला की हा चढउतार चालण्यात दिसू लागतो. तेव्हा गोळी, जेवण, सराव आणि अडखळण्याच्या वेळा आठवडाभर वहीत लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवाव्यात. प्रथिने या औषधाच्या शोषणात अडथळा आणू शकतात, म्हणून गोळी दूध, पनीर किंवा भरपूर डाळीच्या जेवणाबरोबर पडत असल्यास तेही नोंदवावे. बरेचदा मात्रेत किंवा वेळेत बदल केल्याने हा प्रश्न सुटतो.

प्रश्न : कंप थांबावा म्हणून आईला (वय 74) ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू केले. तेव्हापासून काल शिकवलेला व्यायाम तिला आज आठवत नाही. — एक वाचक, नागपूर

उत्तर : ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या औषधांमुळे वृद्धांची स्मरणशक्ती मंदावू शकते आणि भ्रमही होऊ शकतो. ते सुरू केल्याची तारीख आणि विसरण्याची उदाहरणे डॉक्टरांना सांगा. औषध बंद करायचे ठरल्यास तेही त्यांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करत न्यावे लागते.