स्लीव्ह (वजन कमी करायला पोट लहान करण्याचं ऑपरेशन) झाल्यावर प्रोटीन कसं भरायचं

ताई, ऑपरेशननंतर तिसरा आठवडा चालू आहे आणि प्रोटीन पूर्ण होत नाही म्हणताय, तर आधी टेन्शन सोडा, तिसऱ्या आठवड्यात कोणाचंच पूर्ण होत नाही, माझंही होत नव्हतं. साधारण ६० ते ८० ग्रॅम रोज म्हणतात पण तुमचा आकडा तुमच्या डाएटिशियनचाच धरा, आणि लिक्विड, प्युरी, मऊ हा क्रम मोडून पुढे उडी मारू नका.

आत्ता एवढंच बघा:

- प्रोटीन पहिलं. वाटीत जे काही असेल त्यातलं पनीर, अंडं, चिकन, मासा आधी, भात-पोळीला जागा उरली तर.
- जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. दिवसभर मात्र घोट घोट चालू ठेवायचं.
- शेक म्हणजे चीटिंग नाही!! सुरुवातीला त्याशिवाय आकडा गाठणं अवघडच. साखर नसलेला घ्या.

आपल्याकडची मोठी चूक म्हणजे वरण. मीपण वाटीभर पातळ वरण पिऊन खूश व्हायचो, डाएटिशियनने हिशोब मांडला तर जेमतेम ५-६ ग्रॅम, म्हणजे एका अंड्याएवढं, आणि पोट तर भरलेलं. त्यापेक्षा घट्ट चक्का बिनसाखरेचा, दोन-दोन चमचे करून खा (श्रीखंड नाही हं, माहितीये मला पुणेकरांचं).

दुसरं म्हणजे बाकरवडी. मऊ खायला लागलात की कुरकुरीत गोष्टी सरसर खाली उतरतात, पोट भरत नाही आणि हातात प्रोटीन नावापुरतं.

तीन-चार महिन्यांनी केस गळतील, बहुतेकांचे गळतात, परत येतात. पण उलट्या थांबत नसतील, पाणीसुद्धा टिकत नसेल तर इथे विचारत बसू नका, सर्जनला लगेच फोन करा.