जुन्या अमेरिकन गाडीवरचा फिरता लाल दिवा ६ व्होल्टचा की १२ चा? त्याचा घुमट (वरचं लाल झाकण) कशाने साफ करावा?

आधी आतल्या बल्बच्या मागचा छाप वाचा. 6V किंवा 12V बहुधा तिथेच सापडेल, बाहेरची माहितीची पट्टी झिजली असली तरी. अमेरिकन गाड्या साधारण १९५५च्या सुमारास ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या, त्यामुळे त्याआधीचा दिवा थेट १२ व्होल्टला जोडलात तर बल्ब गेलाच समजा. पण बल्ब मधे कोणीतरी बदललेला असू शकतो, म्हणून मोटरवरचा आकडाही जुळवून बघा.

मोटर अडकली असेल तर ती बहुधा जळलेली नसते, जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते पुसून नवं लावा. बल्ब लुकलुकत असतील तर फिरत्या भागाला वीज देणारी पितळी कडी काळी पडलीय का पाहा. बारीक पॉलिश पेपर पुरतो. लोखंडी काथ्या नको, त्याचे तुकडे शॉर्ट करतात.

घुमट काचेचा असेल तर साबण-पाणी बस्स. प्लास्टिकचा असेल तर थिनर किंवा अ‍ॅसिटोन अजिबात नाही, जाळीसारख्या भेगा पडतात. १००० आणि मग २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा, शेवटी रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट).