वॉशिंग्टन राज्यात घरच्या जंगलातला ओढा सुधारायला सरकारी मदत मिळते का?

वॉशिंग्टन राज्यात तुमच्या कुटुंबाने १८ एकर जंगल घेतलंय, त्यातल्या ओढ्यात गाळ फार येतो आणि दुरुस्तीचा सगळा खर्च झेपणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. मदत मिळते. फक्त करारावर सह्या होईपर्यंत कामाला हात लावू नका.

हे मी ठेच लागून शिकले. राज्याची राजधानी ऑलिंपिया, तिच्या दक्षिणेला आमचं डग्लस फर या सूचिपर्णी झाडांचं छोटं रान आहे. पहिल्याच उन्हाळ्यात माणसं लावून ओढ्याकाठची काटेरी ब्लॅकबेरी काढून घेतली आणि मग अर्ज केला. अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याची ‘इक्विप’ (EQIP) योजना आहे, जमीन-पाणी सुधारायच्या कामांना पैसे देणारी. तिच्यात आधी सुरू केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत. तो खर्च अंगावर पडला.

इक्विपमध्ये तुमचं बिल बघून नाही, तर कामागणिक ठरलेल्या दराने पैसे देतात. ढोबळमानाने बारा आणे त्यांचे, चार आणे आपले. शेती किंवा वनशेती सुरू करून दहा वर्षं झाली नसतील तर हा वाटा ९० टक्क्यांपर्यंत जातो, निम्मी रक्कम आगाऊही मागता येते. तुम्ही नवे आहात, तेव्हा हे आवर्जून विचारा. बाकीचे पैसे काम तपासल्यावरच हातात येतात, तोवर पदरचे घालायची तयारी ठेवा.

गाळाचं म्हणाल तर झाडांच्या आधी रस्ता बघा. नोव्हेंबरच्या पावसात रेनकोट घालून जंगलातल्या रस्त्याच्या कडेच्या चराने चालत जा. चरातलं तांबूस पाणी थेट ओढ्यात उतरत असेल तर गाळ तिथूनच येतोय. ते पाणी वाटेत ठिकठिकाणी रानात वळवावं लागतं, म्हणजे पालापाचोळ्यात गाळ अडतो. ओढ्यातल्या खड्यांच्या फटी गाळाने बुजल्या की सॅमनची अंडी गुदमरतात.

आणि मोरी! आमच्या रस्त्याखाली गंजका लोखंडी पाईप होता, त्याच्या खालच्या तोंडातून पाणी हातभर उंचीवरून पडायचं. कोहो सॅमन खालच्या डोहात जमायचे, उसळी मारायचे, पाईपच्या काठावर आपटून पुन्हा खाली. कोकणात चढणीचे मासे बघत लहानाची मोठी झालेय मी, मला ते बघवायचं नाही.

अशा मोऱ्यांसाठी राज्याचा ‘फॅमिली फॉरेस्ट फिश पॅसेज प्रोग्राम’ आहे, २००३ पासूनचा. वर्षाला सरासरी २० लाख बोर्ड फुटांपेक्षा (एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड फळी) कमी लाकूड काढणाऱ्या मालकांना त्यात ७५ ते १०० टक्के खर्च मिळतो. वरच्या अंगाला माशांना जितका जास्त ओढा मोकळा होणार, तितका तुमचा नंबर वर. आम्ही सहा वर्षं थांबलो. पण नाव नोंदवलेलं असलं की राज्याकडून पैसे येईपर्यंत, माशांना अडवणारी मोरी बदलायची नियमाने असलेली सक्ती तुमच्यावर राहत नाही, म्हणून नोंदणी लगेच करा. आता तिथे छोटा पूल आहे आणि मागच्या वर्षी पुलाच्या वरच्या बाजूला मी कोहोची जोडी बघितली. शेपटीने खडे उकरून घरटं करत होती मादी.

पहिला फोन राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्यातल्या छोट्या वनमालकांच्या कक्षाला करा. त्यांचे वनतज्ज्ञ जागेवर येऊन बघतात. ते येण्याआधी भर पावसात मोरीच्या दोन्ही तोंडांचे आणि त्या चराचे फोटो काढून ठेवा, उन्हाळ्यात गेलात तर दाखवायला काहीच उरत नाही.