वाचकांचे प्रश्न : पदार्थ न मानवणे आणि पदार्थाची ॲलर्जी

प्रश्न : पेलाभर दूध घेतले की तासा-दोन तासांत माझे पोट फुगते, गुडगुडते आणि कधीकधी जुलाबही होतात, चहातले थोडेसे दूध मात्र चालते. गेल्या महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलाने शेंगदाण्याचे लोणी लावलेला पाव खाल्ला, आणि दहा मिनिटांत त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले व एक उलटी झाली. थोड्या वेळाने सारे आपोआप ओसरले. घरच्यांचे म्हणणे असे की, आईसारखेच त्यालाही काही पदार्थ पचत नाहीत, तेव्हा थोडे थोडे देऊन सवय लावावी. मी स्वतःची रक्ताची आयजीजी तपासणी करून घेतली, तर तिच्या अहवालात वीसहून अधिक पदार्थ वर्ज्य सांगितले आहेत. आम्ही काय करावे?

उत्तर : आधी मुलाविषयी लिहिते, कारण ते तातडीचे आहे. आपण वर्णन केलेला प्रकार न पचण्याचा नसून ॲलर्जीचा दिसतो. अशा मुलांचे शरीर शेंगदाण्यातील प्रथिनाला शत्रू समजून त्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ती विशिष्ट पेशींवर चिकटून राहतात आणि पदार्थ पुन्हा पोटात गेला की त्या पेशींमधून हिस्टामिनसारखी द्रव्ये काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, बाहेर पडतात. त्यांचा परिणाम त्वचेवर, पोटावर, श्वासनलिकांवर आणि रक्तदाबावरही होतो. आपल्या मुलाची त्वचा आणि पोट ही दोन्ही एकाच वेळी बिघडली, हे मला गंभीर वाटते. या वेळी ओसरले म्हणून पुढच्या वेळीही ओसरेल, असे मुळीच धरून चालू नका.

म्हणून तज्ज्ञांकडून निदान होईपर्यंत शेंगदाणा पूर्णपणे बंद ठेवा, वेष्टनावरील घटकांची यादी प्रत्येक खरेदीच्या वेळी वाचा आणि शाळेला लेखी कळवा. ‘सवय लावण्याचे’ उपचार अस्तित्वात आहेत, पण त्यांची सुरुवात मिलिग्रॅममध्ये मोजलेल्या मात्रेने आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते. घरी चमच्याने तो प्रयोग करणे जिवावर बेतू शकते. डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन जवळ ठेवायला सांगितले, तर ते कसे द्यायचे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने शिकून घ्यावे. श्वासाला घरघर लागली, आवाज बसला किंवा मूल मलूल पडू लागले, तर ते मांडीच्या बाहेरील बाजूस मध्यभागी लगेच द्यावे, मुलाला आडवे ठेवावे (धाप लागली असेल तर बसवावे), चालवू नये, आणि बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे, कारण काही तासांनी लक्षणे परत उलटू शकतात. खाज कमी करणारी ॲलर्जीची गोळी ॲड्रेनालिनची जागा घेऊ शकत नाही.

आता आपल्याविषयी. दुधातील लॅक्टोज ही साखर फोडणारे लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात कमी पडले, की ती साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते आणि तेथील जिवाणू ती आंबवून वायू तयार करतात. आपला त्रास बहुधा याच जातीचा आहे. तो हैराण करतो, पण जिवाला धोका करत नाही, आणि तो मात्रेवर अवलंबून असतो. चहातले दूध चालते ते यामुळेच. म्हणून जो प्रयोग मुलावर करायचा नाही, तो आपण स्वतःवर निर्धास्तपणे करू शकता. दोन आठवडे लॅक्टोज असलेले पदार्थ बंद करून पाहा, त्रास थांबला तर जेवणासोबत थोड्या दुधापासून सुरुवात करून प्रमाण हळूहळू वाढवा, आणि काय, किती व केव्हा खाल्ले याची वही ठेवा. सुमारे बारा ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, एका वेळी बहुतेकांना सोसते. दही आणि मुरवलेले चीज त्याहून सोपे जाते. खात्री हवी असल्यास श्वासातील हायड्रोजन मोजण्याची तपासणी करता येते. दूध कमी केले तर कॅल्शियम दुसरीकडून मिळते आहे ना, हे पाहा. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा जुलाबांमुळे झोपेतून उठावे लागत असेल, तर मात्र प्रयोग थांबवून डॉक्टरांना भेटा.

तो आयजीजी अहवाल बाजूला ठेवा. आयजीजी प्रतिपिंडे आपण तो पदार्थ खात आलो आहोत एवढेच दर्शवतात. त्यांच्यावरून ॲलर्जीचेही निदान होत नाही आणि न मानवण्याचेही. त्या यादीप्रमाणे गहू मात्र परस्पर सोडू नका. सिलिॲक हा गव्हातील ग्लुटेनमुळे उद्भवणारा तिसराच, स्वयंप्रतिकारक विकार आहे, आणि गहू आधीच सोडला तर त्याची तपासणी फसवी ठरू शकते.

प्रश्न : माझी मुलगी अंडे नियमित खाते व तिला काहीही होत नाही, परंतु आयजीई तपासणीत अंडे पॉझिटिव्ह आले आहे. बंद करावे का?

उत्तर : करू नये. आयजीई सापडणे म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतलेली असणे. ॲलर्जी ठरते ती खाल्ल्यावर दिसणाऱ्या लक्षणांवरून. उलट, सोसत असलेला पदार्थ विनाकारण दीर्घकाळ बंद ठेवल्यास, विशेषतः इसब असलेल्या मुलांमध्ये, पुढे त्याची खरी ॲलर्जी उद्भवू शकते.